तेरड्याचा रंग आणि काकडीचा ताळेबंद

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण शाळेत वाक्यात वापरून मी अनेकदा गुण मिळवले. परंतु तिच्यातील खरा अर्थ उमगण्यासाठी आमच्या शेतातील काकडीचे एक पीक हातचे जावे लागले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रानफुलांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण प्रस्तुत लेखाचा विषय फुलांची शोभा नसून फुलांचा हिशेब हा आहे.

बेळगावलगतच्या आमच्या गावी २०२४ च्या पावसाळ्यात वेलांना फुले भरपूर आली, काकड्या मात्र वाकड्या निघाल्या. देठाकडे फुगलेल्या, टोकाकडे वाळलेल्या. कित्येक तर बोटाएवढ्या असतानाच पिवळ्या पडून गळाल्या. बाजारात दलालाने पाट्या बाजूला काढल्या. बाबांनी रोग समजून दोन फवारण्या केल्या, आणि त्याही सकाळी, फुले उमललेली असताना. म्हणजे दुखणे एक आणि औषध भलतेच.

काकडीच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. तिचे पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत, ते माशीनेच न्यावे लागतात. फूल एकच दिवस उमलते आणि तेवढ्या वेळात त्याला माशीच्या अनेक भेटी लागतात. भेटी कमी पडल्या की बी नीट धरत नाही, आणि जिकडे बी धरले नाही तिकडची बाजू वाढत नाही. आमच्या काकड्या वाकड्या झाल्या त्या अशा.

मग माशा गेल्या कुठे? त्या वर्षी आम्ही सारा बांध तणनाशक मारून लख्ख केला होता. काकडी फुलणार महिना-दीड महिना; त्याच्या आधी आणि नंतर माशीने खावे काय? नोकराला वर्षातून एकच महिना पगार द्यायचा आणि त्याने मात्र बारा महिने हजर राहावे, अशातलाच हा प्रकार.

फुलांची निवड

तेरड्याचा रंग खरोखरच थोड्या दिवसांचा. म्हणूनच एकाच फुलावर भिस्त न ठेवता, एकामागून एक फुलतील अशी मिश्र बियाणी पेरावीत. आपल्या भागात पुढील पाच सहज मिळतात.

तेरडा श्रावण-भाद्रपदात फुलतो. टाकळाही त्याच सुमारास पिवळा होतो, शिवाय काही पिवळसर फुलपाखरे त्याच्याच पानांवर अंडी घालतात. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग भुंग्याला प्रिय आहे. तागाचे फूल उघडायला भुंग्यासारखाच दणकट पाहुणा लागतो. कुर्डूचे तुरे भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत टिकतात. आणि आश्विनात कारळे फुलले की सातेरी माशी दिवसभर तेथून हलत नाही. कारळ्याला स्वतःलाही दाणा भरण्यासाठी माशी लागते, तेव्हा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी फायद्याचा आहे.

कारळ्याचे बी मला शेजारच्या शेतातील अक्कांनी दिले. ‘गुरेळ्ळ हाक तम्मा, जेन बर्ताव’, म्हणजे कारळे पेर बाबा, माशा येतील, एवढेच त्या म्हणाल्या. आपण जिला आग्या म्हणतो ती कन्नडमध्ये हेज्जेनू, आणि आपली सातेरी ती तुडुवे. नावे दोन असली तरी माशी बांध ओलांडताना भाषा विचारत नाही.

बाजारातील रंगीत पाकिटांच्या मोहात मात्र पडू नये. त्यांतील कॉसमॉस आणि झिनिया मूळचे मेक्सिकोकडचे आहेत. पिवळा कॉसमॉस तर बागेतून निसटून माळावर पसरतो. पुण्यात १९५५ साली आढळलेल्या काँग्रेस गवताने पुढे काय केले ते आपण रोज पाहतोच. तसेच आंबोली-चोर्ल्याकडील सड्यांवरून बी ओरबाडून आणू नये. ते त्या खडकाचे भांडवल आहे. आपण आपल्याच शिवारातले घ्यावे.

बी धरणे व पेरणे

तेरड्याची बोंडे फिकट व टच्च झाली की मुठीत धरूनच तोडावीत; नाहीतर ती हात लागताच फुटतात आणि बी उडून जाते. तागाच्या शेंगा खुळखुळू लागल्या की तयार झाल्या असे समजावे. सर्व बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. टाकळ्याचे बी कठीण कवचाचे, म्हणून पेरण्यापूर्वी ते जाड वाळूत घोळून घासावे.

वळवाच्या पावसाने उगवलेले तण आधी खुरप्याने काढून टाकावे. खत घालू नये. खताने गवतच माजते आणि फुलझाडे दबतात. मिरगाच्या पावसावर मागच्या ओळीत वीतभर अंतराने ताग टोकावा, कारण तो पुरुषभर उंच होतो. पुढे तेरडा व टाकळा दोन-दोन चमचे आणि कुर्डू चिमूटभर, चौपट कोरड्या वाळूत मिसळून फोकावे. वीस हात लांब व दोन हात रुंद पट्ट्याला एवढे पुरते. वरून खराटा फिरवला की झाले. बी खोल पुरू नये. कारळे चमचाभर, ते मात्र आषाढाच्या अखेरीस मोकळ्या जागी टाकावे.

कुर्डूवर लक्ष ठेवावे. त्याचे बी शेतात गेले तर बाबांचा राग रास्त ठरेल, म्हणून जादा तुरे बी पिकण्यापूर्वीच कापावेत. पट्ट्याशेजारी हातभर जमीन उघडीच ठेवावी, कारण पुष्कळ एकट्या राहणाऱ्या माशा मातीतच बीळ करतात.

ताळेबंद

२०२५ साली बाबांनी मला बांधाचे वीस हात दिले, तेही ‘लोक आळशी म्हणतील’ असे बजावून. ताग सोडता बियांना पैसा लागला नाही. त्या हंगामात वाकड्या काकड्या पुष्कळ कमी निघाल्या. परंतु त्याच वर्षी आम्ही सकाळची फवारणी आणि तणनाशकही बंद केले होते. तेव्हा सगळी जमा फुलांच्या खाती मांडणे ही खोटी नोंद होईल. फुलांवर सकाळी किती माशा येतात याची टिपणवही आता ठेवली आहे. निर्णय आणखी दोन हंगामांनी.

आपल्या महाविद्यालयाच्या कुंपणाच्या कडेला असाच एक पट्टा मोकळा आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या शिवारातून मूठभर बी आणले, तर मिरगापूर्वी तो सहज पेरून होईल. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा असेना का; चौथ्या दिवशी दुसऱ्याचा रंग तयार ठेवणे आपल्या हाती आहे.