परसातले बुटके सूर्यफूल : उसाचा हात तेथे नको



उसाच्या पानावर या वेळी फुलाची गोष्ट आली म्हणून हसू नका. गटात फिरताना माउली आम्हांला विचारतात, "साहेब, सूर्यफूल लावलं, फूलबी मोठं आलं, पण दाणे पोकळ. असं का?" कारण बहुतेक घरी एकच. आपण उसाचा हात घेऊन परसात शिरतो. पाणी भरपूर, युरिया भरपूर, आणि कीड दिसली की पाठीवर पंप. आम्हीही वसाहतीतल्या आमच्या अंगणात हेच केले. युरियाची मूठ सढळ पडली, झाडे माजली आणि पहिल्याच वाऱ्यात आडवी झाली. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

वाण : परसाला बुटका वाण बरा. दाणा हवा असेल तर कॅनडातून आलेला मॉर्डन हा जुना वाण आहे. उंची सुमारे तीन फूट, ८० ते ८५ दिवसांत तयार. नुसती शोभा हवी तर टेडी बेअर लावा. गोंड्यासारखे भरगच्च फूल येते, पण दाण्याची आशा धरू नका.

जागा : दिवसातून सहा तास तरी ऊन हवे आणि पाणी साचता कामा नये. कळी सूर्याबरोबर फिरते, पण पुरते उमललेले फूल पूर्वेकडेच तोंड करून राहते. म्हणून ओळी अंगणाच्या पश्चिम कडेला घ्या, म्हंजे ओसरीवरून फुलाची पाठ नव्हे, तोंड दिसेल.

पेरणी : बी जागेवरच टोकावे. रोप उपटून लावले की सोटमूळ दुखावते. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत एक वीत अंतर ठेवा. एका जागी दोन बिया, इंचभर खोल. दहा-पंधरा दिवसांनी जोमदार रोप ठेवून दुसरे काढा. ऐन फुलोऱ्यात मोठा पाऊस सापडणार नाही, असा बेत करून पेरा.

खत-पाणी : पेरणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत किंवा प्रेसमडचे खत मातीत मिसळा. युरियाला हात लावू नका. कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाण्याचा ताण नको. एरवी माती चाचपून पाहूनच पाणी द्या. ओळींमध्ये पाचटाचा पातळ थर द्या, ओल टिकते.

मधमाशी : पोकळ दाण्याचे खरे उत्तर येथे आहे. दाणा भरायला एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जावा लागतो, आणि ते काम मधमाशी करते. म्हणून एकटे-दुकटे झाड न लावता पंधरा-वीस झाडे एकत्र लावा. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पूर्वेकडे तोंड असलेले फूल सकाळी लवकर तापते आणि पश्चिमेकडे वळवलेल्या फुलापेक्षा त्यावर कितीतरी जास्त माश्या येतात. नेमक्या त्याच वेळी आपण फवारा मारला, तर माशी मरते आणि दाणाही जातो. फुलोऱ्यात औषध मारू नका. केसाळ अळी लहानपणी एकाच पानाखाली घोळक्याने असते. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. माश्या कमी दिसल्या तर हाताला मऊ फडके गुंडाळून सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान, एक दिवसाआड, एकामागून एक फुलांवरून हलकेच हात फिरवा.

काढणी : फुलाची पाठ पिवळी पडली की काढा. त्याआधी पोपट येतात. जुने विरळ कापड बांधून ठेवा.

आणखी एक विनंती. परसातली माशीच शेजारच्या दोडक्यावर, भोपळ्यावर आणि बांधापलीकडच्या कांद्याच्या बियाण्यावर जाते. त्याच परसात आपली पोरे खेळतात. घराजवळच्या उसात फवारणी करायचीच असेल, तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी, वारा पडलेला पाहून करा. पंप परसात धुऊ नका.

काही अडचण आल्यास गट ऑफिसात शेतकी मदतनिसांना भेटा. येताना रोगट पान सोबत आणा, नुसते वर्णन नको.

— ऊस विकास अधिकारी