विक्रम-वेताळाचे चित्रकार

काळोखी रात्र आहे. एक राजा स्मशानातून चालला आहे. त्याच्या हातात उपसलेली तलवार आहे. खांद्यावर प्रेत आहे आणि त्या प्रेतात वेताळ शिरलेला आहे. राजाच्या चेहऱ्यावर मात्र भीती नाही. 'चांदोबा' मासिक वाचलेल्या कोणालाही हे चित्र दाखवा. तो लगेच म्हणेल, "हा तर राजा विक्रम!" पण हे चित्र कोणी काढले, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात.

त्या चित्रकाराचे नाव के. सी. शिवशंकरन. सर्वजण त्यांना 'शंकर' म्हणत. त्यांचा जन्म १९२४ साली तमिळनाडूतील एका खेड्यात झाला. मद्रासच्या कलाशाळेत ते चित्रकला शिकले. पुढे ते मद्रासच्या 'चंदामामा' मासिकात आले आणि जवळजवळ साठ वर्षे तेथे चित्रे काढत राहिले. हे मासिक १९४७ साली तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झाले होते. मराठीत त्याचे नाव 'चांदोबा'. भाषा बदलली की अक्षरे बदलत. चित्र तेच राही.

याचा फायदा मला फार झाला. आमच्या घरची भाषा उर्दू. घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून मी 'चांदोबा'चे जुने अंक आणत असे. मराठी अडखळत वाचायचो. एखादा शब्द अडला की चित्राकडे पाहायचे! 'मुकुट', 'ढाल', 'पालखी', 'कवटी' हे शब्द मला कोशाने नाही, शंकर यांनी शिकवले. मग तीच गोष्ट मी अम्मीला उर्दूत सांगायचो. ती म्हणायची, "अरे, ही तर बैताल पचीसी!" आणि ते खरेच होते. मज़हर अली खान 'विला' आणि लल्लूलाल यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी तयार केलेली 'बैताल पचीसी' १८०५ साली छापली गेली होती.

गोष्टीची अट तुम्हांला ठाऊक असेलच. वाटेत राजाने बोलायचे नाही. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. मूळच्या गोष्टी पंचवीस. त्या संपल्या तरी मासिकाने नव्या गोष्टी रचून वेताळाला अनेक वर्षे बोलते ठेवले.

अशा गोष्टीचे चित्र काढणे सोपे नाही. लेखक लिहितो, 'राजा झाडाकडे गेला.' झाड केवढे, फांद्या कशा, राजाच्या अंगावर दागिने कोणते, हे चित्रकाराने ठरवायचे. शिवाय वेताळ कोणी पाहिला आहे? शंकर यांनी त्याला उगीच अक्राळविक्राळ केले नाही. खांद्यावर लोंबणारे ते शरीर पाहिले की त्याचे ओझे आपल्याला जाणवते. माझ्या मते, भीती वाटते ती त्या ओझ्याची.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्यांच्या चित्रांतील राजकन्यांचे चेहरे बहुधा एकसारखे दिसतात. म्हातारे, साधू, चोर, व्यापारी मात्र प्रत्येक जण वेगळा! एखाद्या चोराचे नाक तर वर्षानुवर्षे लक्षात राहते.

आता हे मासिक बंद पडले आहे. शंकर २०२० साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर 'पद्मश्री' जाहीर केली.

शब्दार्थ : उपसलेली – म्यानातून बाहेर काढलेली, शकले – तुकडे, अक्राळविक्राळ – भयंकर दिसणारा, मरणोत्तर – मृत्यूनंतर.

स्वाध्याय
१. लेखक मराठी शब्द कसे शिकला?
२. वेताळाची अट तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुम्ही ऐकलेल्या एखाद्या जिन्नाच्या किंवा परीच्या गोष्टीचे चित्र काढा व त्याखाली पाच वाक्ये मराठीत लिहा.