आमेन आणि इमान



प्रथम कम्युनियनच्या वर्गात आम्ही मुलांना विचारले, ‘‘आमेन म्हणजे काय?’’ एक मुलगा चटकन म्हणाला, ‘‘प्रार्थना संपली, फादर!’’ सारी मुले हसली. पण त्याने हे आपणा मोठ्यांकडूनच उचलले असणार. आपणही पुष्कळदा ‘आमेन’ पूर्णविरामासारखा उच्चारतो. म्हणून आज या लहानशा शब्दाचा थोडा अभ्यास करू या.

हिब्रू : आमेन हा मूळचा हिब्रू शब्द. ‘अ-म-न’ या त्याच्या धातूचा अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे. श्रद्धा आणि सत्य यांसाठीचे हिब्रू शब्दही याच धातूपासून आले आहेत. निर्गमाच्या १७व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात. तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्यास्तापर्यंत हात स्थिर राहतात. या ‘स्थिर’साठी मूळ शब्द आहे ‘एमुना’. श्रद्धेलाही हिब्रूत हाच शब्द आहे. म्हणजे श्रद्धा ही नुसती भावना नव्हे, तर न ढळणारा हात आहे. आणि तो थकला तर शेजाऱ्याने धरायचा आहे!

ग्रीक : जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात बहुतेक ठिकाणी आमेनसाठी ‘तसे होवो’ असा शब्द घातला गेला. संत जस्टिन यांनीही इ. स. १५५च्या सुमारास रोमन सम्राटाला मिस्साविधी समजावताना हाच अर्थ दिला. आपल्याला लगेच ‘तथास्तु’ आठवते. शब्दार्थ जवळचा आहे, पण फरक मोठा आहे. तथास्तु वर देणारा म्हणतो. आमेन सारी प्रजा म्हणते. अनुवादाच्या २७व्या अध्यायात लोक बारा वेळा आमेन म्हणतात, आणि प्रत्येक वेळी देवाच्या नियमाखाली स्वतःला बांधून घेतात.

प्रभू येशूने मात्र नवीनच केले. इतर लोक शेवटी आमेन म्हणत. प्रभू तो बोलण्याच्या आरंभी म्हणतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात तो दोनदा येतो. आपल्या जुन्या मराठी बायबलमधले ‘खचित खचित’ म्हणजे मूळचे ‘आमेन आमेन’. प्रकटीकरणात (३:१४) तर ख्रिस्ताचे नावच ‘आमेन’ आहे.

अरबी : आपले मुस्लिम बांधव ‘आमीन’ म्हणतात, तोही हाच शब्द. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या भाषा. अरबीत याच धातूपासून ‘ईमान’ आणि ‘अमानत’ हे शब्द झाले. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले : इमान, इमानदार, बेइमान आणि बँकेतली ‘अनामत’सुद्धा! म्हणजे आमेन आपल्याला परका नाही. त्याचा भाऊ आपल्या घरात कधीचा राहतो आहे.

एक सावधगिरी. कोणी आमेनचा संबंध इजिप्तच्या आमोन देवाशी, तर कोणी ॐकाराशी जोडतात. उच्चार जवळचे वाटले तरी मुळे वेगळी आहेत. आमोन या नावाचा अर्थ ‘लपलेला’ असा सांगतात, तर आमेन म्हणजे उघडपणे दिलेली साक्ष.

आता आपल्याकडे वळू या. कम्युनियनच्या रांगेत ‘‘ख्रिस्ताचे शरीर’’ हे शब्द ऐकल्यावर कोणी नुसती मान हलवतो, कोणी पुटपुटतो. संत ऑगस्टिन शिकवीत, की आपण स्वतः ख्रिस्ताचे शरीर आहोत, आणि आमेन म्हणून आपण त्यावरही सही करतो. तो आमेन खरा ठरावा असे जगा, असे ते सांगत. मग भावाच्या वाटणीचा तुकडा दाबून ठेवणारा, वजनात मारणारा, दिलेला शब्द फिरवणारा त्या रांगेत काय म्हणतो? रविवारी आमेन आणि सोमवारी बेइमानी, हे एकाच धातूचे दोन शब्द एका तोंडात शोभत नाहीत. हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो, कारण वेदीवर उभे राहणाऱ्यालाही तो सुटलेला नाही.

येत्या रविवारी ख्रिस्तयागाच्या महाप्रार्थनेनंतरचा आमेन आपण सारे मोकळ्या आवाजात म्हणू या. एखाद्याचा हात थकला असेल, तर शेजारच्याच्या आमेनने त्याला आधार मिळेल.

चिंतनासाठी : १) माझ्याकडे कोणाची ‘अनामत’ परत करायची राहिली आहे? २) या आठवड्यात मी कोणाचा थकलेला हात धरणार?