आल्याची कूज : औषधापूर्वीं रोगाची ओळख

आल्याचे गड्डे कुजूं लागले, कीं हातीं लागेल तें औषध आणून बुंध्याशीं ओतण्याकडे बागायतदारांचा कल असतो. कूज थांबली नाहीं, म्हणजे औषधास दोष देण्यांत येतो. परंतु औषध चांगलें असूनही रोगच निराळा असल्यामुळें तें वायां गेलें, असें पुष्कळदां घडतें. सबब खर्च करण्यापूर्वीं रोगाचें कारण कसें ओळखावें, हें आम्ही येथें देत आहों.

शेतांतील परीक्षा.— पिथियम बुरशीनें बुंध्याचा जमिनीलगतचा भाग पाणचट व मऊ होतो, पानें शेंड्याकडून पिवळीं पडतात आणि फुटवा ओढतांच हातांत येतो. बटलर यांनीं ही कूज सुरतेकडे आढळल्याचें १९०७ सालीं नमूद केलें आहे. फ्युजॅरियम बुरशीनें झाड खुंटतें, खालचीं पानें कडेनें वाळतात, पण फुटवा सहसा सहज उपटत नाहीं. गड्डा कापल्यास आंत तपकिरी दिसतो. तिसरा रोग सूक्ष्म जंतूंचा. त्यांत पानें हिरवींच असतां गुंडाळून माना टाकतात. अशा झाडाचें खोड कापून पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत धरल्यास दुधासारखा स्राव खालीं उतरतो. येथें बुरशीनाशकाचा कांहींच उपयोग नाहीं.

प्रयोगशाळेंतील परीक्षा.— नमुना नुकत्याच लागण झालेल्या झाडाचा द्यावा. पार कुजलेल्या गड्ड्यांत मागाहून आलेल्या परक्या बुरशाही वाढतात. सूक्ष्मदर्शकाखालीं फ्युजॅरियमचे बीजाणू विळ्याच्या आकाराचे व पडदे असलेले दिसतात. पिथियमच्या तंतूंत बहुधा पडदे नसतात, व तिचे बीजाणू पाण्यांत पोहतात. निचरा नसलेल्या वाफ्यांत ही कूज झपाट्यानें कां पसरते, तें यावरून कळेल.

पुढें औषधाची कसोटी. बटाटा, साखर व अगर यांच्या खाद्यांत औषध मोजून मिसळतात व मध्यभागीं बुरशीची चकती ठेवतात. बिनऔषधी बशींत वाढ ८० मिलिमीटर व औषधी बशींत २० झाली, तर औषधानें वाढ शेंकडा ७५ रोखली असें समजावें.

कार्बेन्डाझिम फ्युजॅरियमच्या पेशींचें विभाजन रोखतें. पिथियमवर तें चालत नाहीं. मेटॅलॅक्सिल पिथियमवर चालतें, फ्युजॅरियमवर नाहीं. एकच औषध वारंवार वापरल्यास त्यास न जुमानणारी बुरशी तेवढी उरते. पिथियमच्याच गटांतील बटाट्याच्या करप्यावर मेटॅलॅक्सिल १९८० सालीं आयर्लंड व नेदरलंड्स येथें निष्प्रभ ठरलें.

तथापि बशींतील यश म्हणजे शेतांतील यश नव्हे. माती औषध धरून ठेवते, आणि कुजलेला गड्डा कोणत्याही औषधानें पुन्हां सुधारत नाहीं. म्हणून निरोगी बेणें, पाण्याचा निचरा व पिकांची फेरपालट हेच मुख्य उपाय होत. रोगट शेतांतील बेणें स्वतः ठेवूं नये व शेजाऱ्यासही देऊं नये, एवढें आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.