थाप, हूल आणि खरे बोलणे

वाचन : यहोशवा ९:३-२७, मत्तय ५:३३-३७



जे आपल्याजवळ नाही ते आहे असे भासवून समोरच्याला भुलवणे किंवा घाबरवणे म्हणजे थाप. बाजारात, सोयरिकीत, घरात लेकरांसमोर ती रोज चालते आणि आपण हसून सोडून देतो. म्हणून आज विचार करू या : प्रत्येक थाप पाप आहे काय?

१. खेळातली हूल
कबड्डीत चढाई करणारा एकीकडे हूल देतो आणि दुसऱ्याच गड्याला बाद करतो. यात फसवणूक नाही; नियम दोघांनाही ठाऊक असतो. संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर दोन ग्रंथ लिहिले. थट्टेतले बोलणे त्यांनी खोट्यात धरले नाही. फसवण्याच्या हेतूने असत्य बोलणे म्हणजे खोटे, ही त्यांची शिकवण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही आहे (क्र. २४८२).

२. बाजारातली थाप
कुंभार पिंपळगावच्या बाजारात घासाघीस चालणारच. विकणारा चढा भाव सांगतो, घेणारा पाडून मागतो; दोघेही ते जाणतात. पण नसलेले गिऱ्हाईक उभे करणे, कापसावर पाणी मारून 'माल कोरडा आहे' म्हणणे हा व्यवहार नव्हे. ती चोरी आहे.

३. भीतीपोटी मारलेली थाप
गिबोनचे लोक इस्राएलला घाबरले. फाटके बुधले, ठिगळाची पायताणे आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन ते यहोशवाकडे आले आणि 'आम्ही फार दूरचे' म्हणाले. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी परमेश्वराला न विचारता शपथ वाहिली. तीन दिवसांत खरे बाहेर आले. शपथेमुळे गिबोनकरांचा जीव वाचला, पण लाकडे फोडणे आणि पाणी भरणे त्यांच्या वाट्याला आले. या कथेत दोघांनाही धडा आहे : थापेने मिळालेली जागा मानाची नसते, आणि पारख न करता दिलेला शब्दही निभवावा लागतो.

४. सोयरिकीतली थाप
येथे आपण विशेष सावध असावे. 'मुलगा कंपनीत पर्मनंट आहे' म्हणायचे आणि तो रोजंदारीवर असतो. व्यसन, आजार, कर्ज झाकले जाते. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होते' अशी आपणच आपली समजूत घालतो. भोगते मात्र सून किंवा जावई. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यानुसार (कलम १०९८), संमती मिळवण्यासाठी जाणूनबुजून फसवले आणि लपवलेली बाब संसार गंभीरपणे बिघडवणारी असली, तर ते लग्न मुळातच अवैध असते. म्हणून लग्नाआधी धर्मगुरू प्रश्न विचारतात तेव्हा खरे सांगावे. तो नुसता कागद भरणे नव्हे.

५. फोनवरची थाप
'पोलीस बोलतोय, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा', असे फोन हल्ली येतात. अशी अटक कायद्यात नाही. घाबरू नका, फोन ठेवा, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

६. मग सगळेच सांगायचे का?
नाही. ज्याला सत्य जाणून घेण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्यास आपण बांधील नाही (क्र. २४८९). शेजाऱ्याचे गुपित राखावे, चौकशी करणाऱ्यापुढे गप्प बसावे. गप्प बसणे वेगळे, खोटे रचणे वेगळे. आणि आपल्या थापेने कोणाचे नुकसान झाले असेल, तर पापनिवेदन करून भागत नाही, ते भरून देणेही आपले कर्तव्य आहे (क्र. २४८७).

मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. चिरलेले असेल तर बद्द वाजते. बेनसिराच्या ग्रंथात (२७:५) कुंभाराच्या भांड्याची परीक्षा भट्टीत आणि माणसाची त्याच्या बोलण्यात होते असे सांगितले आहे. प्रभू येशूही आपल्या 'होय'मध्ये 'होय'च असावे अशी अपेक्षा करतो.

कुटुंबात चर्चेसाठी :
• लेकरांना गप्प करण्यासाठी आपण कोणत्या पोकळ धमक्या देतो?
• आपल्या घरच्या सोयरिकीत काही झाकले आहे काय? ते आता कोणाला सांगायला हवे?

प्रार्थना : हे प्रभू, आमची वाणी भरवशाची कर, आणि खरे बोलण्याची भीती आमच्या मनातून काढून टाक. आमेन.