क्रीडाव्यवस्थापन : एक नवे अभ्यासक्षेत्र

शाळेच्या क्रीडासप्ताहात खो-खोचा अंतिम सामना चालू असतो. सर्वांची दृष्टी धावणाऱ्यावर आणि पाठलाग करणाऱ्यावर खिळलेली असते. मैदानावर सकाळी पाणी कोणी शिंपडले, चुन्याच्या रेषा कोणी आखल्या, पंचांना बोलावणे कोणी धाडले, प्रथमोपचाराची पेटी कोणी आणून ठेवली, हे प्रश्न त्या वेळी कोणाच्याच मनात येत नाहीत. आणि ते येऊ नयेत, यातच त्या कामाचे यश आहे. खेळाडू खेळतो तो आपल्या कौशल्यावर. परंतु खेळ उभा राहतो तो दुसऱ्या कोणाच्या तरी योजनेवर. ही योजना करण्याचे शास्त्र म्हणजे क्रीडाव्यवस्थापन. डोंगर, नदी, समुद्र व रान यांच्या सान्निध्यात खेळल्या जाणाऱ्या खेळांची व्यवस्था ही त्याचीच एक शाखा होय. आज हे विषय विद्यापीठांतून शिकविले जातात. त्यांची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. आठ संघांची खो-खो स्पर्धा भरवावयाची आहे आणि मैदान एकच आहे. बाद पद्धतीने खेळविल्यास प्रत्येक सामन्यात एक संघ गळतो. विजेता एकच उरावयाचा, म्हणून सात संघ गळावे लागतात आणि सातच सामने होतात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ उरलेल्या प्रत्येकाशी खेळतो. तेव्हा आठ गुणिले सात भागिले दोन, म्हणजे २८ सामने होतात. विश्रांतीसह एका सामन्यास सुमारे एक तास धरला, तर पहिली स्पर्धा एका दिवसात आटोपेल, पण अर्धे संघ एकेक सामना खेळूनच घरी परततील; दुसरीस चार-पाच दिवस लागतील. मग चार-चार संघांचे दोन गट करावे : गटांतील बारा सामने, दोन उपांत्य व एक अंतिम, असे पंधरा सामने दोन दिवसांत बसतात. वेळ, जागा, पैसा आणि खेळाडूंचा उत्साह या चौघांचा मेळ घालणे, हा या विषयातील पहिला धडा होय.

मराठी मुलखाला हा धडा अगदीच नवा नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखविले. समुद्रापार एवढे पथक नेणे, त्याच्या खर्चाची व साहित्याची तजवीज करणे, हे व्यवस्थापनच होते. फक्त त्यास तसे नाव नव्हते. स्वातंत्र्यानंतर दार्जिलिंग येथे १९५४ साली गिर्यारोहण संस्था, ग्वाल्हेर येथे १९५७ साली लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. योगायोग असा की, ज्या १९५७ साली ग्वाल्हेरचे महाविद्यालय निघाले, त्याच साली अमेरिकेत वॉल्टर ओमॅली या बेसबॉल संघाच्या मालकाने जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारले, की क्रीडासंस्था चालविण्याचे शिक्षण घ्यावयाचे तर माणसाने जावे कोठे? त्या प्रश्नातूनच १९६६ साली ओहायओ विद्यापीठात क्रीडाप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. या विषयातील तो पहिला अभ्यासक्रम मानला जातो.

आता आपल्या दाराशी पाहू. पेडणे तालुक्यास तेरेखोलपासून मोरजीपर्यंत समुद्रकिनारा लाभला आहे. केरी व हरमल येथील उंचवट्यांवरून पॅराग्लायडरची रंगीत छत्रे आकाशात तरंगताना आपण पाहतो. डिचोली तालुक्यात मयेचे तळे आहे, हरवळेचा धबधबा आहे. मयेच्या तळ्यावर २०१८ साली सुमारे ५५ मीटर उंचीवरून बंजी उडी घेण्याची सोय झाली. शेजारच्या सत्तरीत पावसाळ्यात म्हादईच्या वेगवान प्रवाहातून तराफे सोडले जातात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला आणि जगाच्या कानाकोपऱ्यातील माणूस पेडण्याच्या अंगणात उतरू लागला. ही सारी क्रीडाभूमी आपली आहे. परंतु तिची व्यवस्था करण्याची विद्या आपल्याकडे आहे काय?

हा प्रश्न केवळ उपजीविकेचा नाही, हे २०२५ या एकाच वर्षाने आपल्याला दाखवून दिले. त्या वर्षीच्या जानेवारीत केरीच्या पठारावरून झेपावलेल्या पॅराग्लायडरला अपघात होऊन एक पर्यटक तरुणी व तिला घेऊन उडणारा तरुण चालक, असे दोघेही मृत्युमुखी पडले. मे महिन्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. जत्रा हा खेळ नव्हे, ती श्रद्धेची गोष्ट आहे; पण हजारो माणसे एका वाटेने एका वेळी चालू लागली की गर्दीचे नियम मंदिरापाशी आणि क्रीडांगणापाशी सारखेच लागू पडतात. इंग्लंडातील शेफिल्ड येथे १९८९ साली फुटबॉलच्या सामन्यात अशाच गर्दीत चिरडून ९७ माणसे दगावली. गर्दीवरील नियंत्रण सुटले हेच त्याचे मुख्य कारण, असे पुढे चौकशीत ठरले आणि त्यानंतर तेथील मोठ्या क्रीडागारांची रचनाच बदलण्यात आली.

दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे, की अशा संकटांना तोंड देण्याचे शास्त्र आहे आणि ते शिकता येते. धोका कोठे आहे ते आधी पाहावे; तो किती वेळा व किती गंभीर रूपाने येऊ शकेल, याचा अंदाज घ्यावा; तो टाळता येत नसेल तर कमी करावा; आणि तरीही तो आलाच तर कोणी काय करावयाचे, हे आधीच लिहून ठेवावे. वाऱ्याचा वेग मोजून आजचे उड्डाण रद्द असे सांगणे, येण्याची व जाण्याची वाट निराळी ठेवणे, दोराची तपासणी करून नोंदवहीत सही करणे, या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. पण ग्राहक पैसे हातात घेऊन उभा असताना ‘आज नाही’ असे सांगावयास ज्ञान लागते आणि धैर्यही लागते.

या विद्येची दुसरी बाजू निसर्गाच्या रक्षणाची आहे. मोरजी व मांद्रे येथील वाळूत हिवाळ्याच्या दिवसांत सागरी कासवे अंडी घालावयास येतात आणि वनखाते त्या घरट्यांची राखण करते. प्रखर दिव्यांनी कासवे बिचकतात, पिल्ले समुद्राची वाट चुकतात. म्हणून एखाद्या किनाऱ्यास माणसे, दिवे व गोंगाट किती सोसेल, याचे मोजमाप घ्यावे लागते. यास वहनक्षमता म्हणतात. होडी किती माणसे तारील, हे आपला नावाडी जसे जाणतो, तसेच हे किनाऱ्याच्या बाबतीत जाणावयाचे असते.

हा विषय शिकणाऱ्यास शरीरशास्त्र, प्रथमोपचार, हिशेब, कायदा, मानसशास्त्र व पर्यावरण अशा अनेक शास्त्रांचा परिचय करून घ्यावा लागतो. ग्वाल्हेरची संस्था आज विद्यापीठाच्या दर्जाची असून तेथे क्रीडाव्यवस्थापनही शिकविले जाते. मणिपुरात २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन झाले आहे. आपल्या गोव्यातच १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असून तेथे जीवरक्षण व यंत्रनौका चालविणे यांचे शिक्षण मिळते. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. त्या कामासही असेच शिकलेले हात लागतात. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा दहा हजारांहून अधिक खेळाडू येथे आले. त्यांच्या निवासापासून पदकांपर्यंत प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होतेच.

पालकांच्या मनात शंका येईल, की खेळाचे शिक्षण घेऊन मुलगा किंवा मुलगी पोट कसे भरणार? ही शंका रास्त आहे. केवळ पदवीने कोणाचे भले होत नाही; प्रत्यक्ष कामाचा सराव हवा. परंतु आपल्या तालुक्यांत हा व्यवसाय आलेलाच आहे आणि तो वाढतो आहे. त्यात आपल्या मुलांनी केवळ तिकिटे फाडावी, की नियम ठरविणाऱ्यांच्या पंक्तीत बसावे, एवढेच आता आपणांस ठरवावयाचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या क्रीडासप्ताहात सामन्यांचे वेळापत्रक तुम्ही स्वतः आखा, खर्चाचा हिशेब ठेवा, मैदानातील खड्डे व काचा वेचा, पिण्याच्या पाण्याची सोय पाहा. सप्ताह संपल्यावर काय चुकले ते वहीत लिहून ठेवा. पुढील वर्षी ती वही तुमच्या धाकट्या भावंडांच्या हाती पडेल, आणि तोच या शास्त्रातील त्यांचा पहिला पाठ ठरेल.