चेन ऑइलर काढायचा की ठेवायचा

विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक

चि. भाच्यास,

नव्या गाडीबद्दलचं तुझं सगळं वाचलं. गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने ऑटोमॅटिक चेन ऑइलर बसवलेला, मागचं रिम सारखं काळं होतं, आणि मित्र म्हणतात, ते लटांबर काढून फेक. माझं मत आधीच सांगतो. काढू नकोस. पण आज ज्या अवस्थेत आहे तसा चालवूही नकोस.

रिम काळं होतंय म्हणजे थेंब जास्त पडतोय, इतकंच. हा ऑइलर मिनिटाला एखाद-दुसरा थेंब सोडण्यासाठी असतो. त्याचा थेंब ठरवणारा स्क्रू जास्त उघडा राहिला की तेल चेनवर थांबत नाही, फेकलं जातं आणि रिमवर, मडगार्डवर, कधी टायरवर जातं. रिमचं काळं पुसता येतं. टायरच्या कडेला तेल लागलं तर गाडी वळणावर आडवी होईल, म्हणून हे आठवड्यावर ढकलू नकोस, आजच बघ. स्क्रू बंद करून थोडा थोडा उघडत जा. तीसेक किलोमीटर चालवून इंजिन बंद कर आणि चेनच्या बाहेरच्या पट्टीला बोट लाव. बोटावर तेलाचा पुसट डाग आला तर बरोबर. बोट ओलं झालं तर अजून बंद कर.

तेलाच्या नळीचं तोंडही तपास. ते मागच्या स्प्रॉकेटच्या कडेला, खालच्या अंगाला टेकलेलं हवं. चाक फिरताना तेल स्प्रॉकेटच्या पत्र्यावरून बाहेर सरकतं आणि दातांवाटे रोलरपर्यंत पोचतं. नळी थेट चेनवर सोडली असेल तर निम्मं तेल वाऱ्यावर जातं, आणि नळी चेनमध्ये सापडायची भीती वेगळीच.

तुझ्या मित्रांचं म्हणणं असं असेल की आता ओ-रिंगची चेन आहे, तिला तेल कशाला? त्यात अर्धं खरं आहे. 1880 साली मँचेस्टरच्या हान्स रेनोल्डने बुश-रोलर चेन काढली, तिचा सांगाडा आजही तोच आहे: आत पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. खरी झीज पिन आणि बुशच्या मधे होते, आणि तिलाच आपण ‘चेन वाढली’ म्हणतो. ओ-रिंगच्या चेनमध्ये तिथलं ग्रीस कारखान्यातच भरून दोन्ही बाजूंनी रबरी कड्यांनी कोंडलेलं असतं. त्या जागेला बाहेरचं तेल पोचतही नाही आणि लागतही नाही. पण रोलर आणि स्प्रॉकेटचे दात उघडेच आहेत, पट्ट्यांना गंज चढतो, आणि रबर कोरडं पडलं की तडकतं. तेल त्यांच्यासाठी.

ही कल्पना नवी नाही. आपल्या जुन्या बुलेटच्या इंजिनाच्या श्वासनळीतून येणारं तेल मागच्या चेनकडे सोडायची पद्धत होती. होंडाने 1969 च्या सीबी 750 ला तर गिअरबॉक्सच्या शाफ्टमधूनच चेनला तेल द्यायची सोय केली होती. ओ-रिंगच्या चेन आल्या तशी अशी सोय मागे पडली. तुझ्या गाडीला आहे ती व्हॅक्यूमवर चालणारी तऱ्हा स्कॉटलंडच्या स्कॉटऑइलरने प्रसिद्ध केली. तिकडे वर्षभर पाऊस, थंडीत रस्त्यावर मीठ, त्यामुळे चेन धुतली जाते आणि गंजते. तिथे हे यंत्र चेनचं आयुष्य वाढवतं यात शंका नाही.

आपल्याकडे प्रश्न पावसाइतकाच धुळीचा आहे. इथे बघ ना, कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर उपबाजारात येतात ते शेतातली माती चाकांना घेऊनच. पावसाची सर आली की लासलगाव रस्त्यावर काळ्या मातीचा रेंदा, आणि दोन दिवसांच्या उन्हात त्याचीच धूळ. वरून बागांतल्या फवारणीची, गंधकाची भुकटी. जाड तेलात ही धूळ मिसळली की स्प्रॉकेटवर खरकागद फिरतो असंच समज. म्हणून ऑइलरच्या टाकीत 90 नंबरचं गिअर ऑइल भरायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नकोस. पातळ तेल फेकलं जाताना धूळही सोबत नेतं, जाड तेल तिला धरून बसतं.

आपल्याकडे ज्यांनी यावर खरा तोडगा काढला त्यांच्याकडे तू बघतही नाहीस. बागेत क्रेट वाहणारी ती स्प्लेंडर! पूर्ण पत्र्याच्या चेनकव्हरमुळे धूळही आत जात नाही आणि तेलही बाहेर उडत नाही. जुन्या जावा-येझदीची चेनही अशीच झाकलेली असे. रबरी बूच काढून बोटाने ताण बघायचा, की काम झालं. मोठ्या गाड्यांना हे कव्हर देत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. चेन उघडी ठेवून मग तिला तेल पाजायला वेगळं यंत्र विकायचं, हा उलटा कारभार आहे. पण तुझी गाडी उघड्या चेनची आहे, तेव्हा आहे त्यातून वाट काढू.

तुझं बरंचसं चालवणं पुणे-नाशिक हायवेवर, आणि पावसाळ्यातही. त्याला ऑइलर उत्तम. इथे येऊन खराब रस्त्यांनी, पाटाच्या कडेने फिरायचं असेल त्या दिवशी तो बंद ठेव आणि घरी आल्यावर चेन पूस. आणि ऋतू पाळ. आपला निफाड तालुका राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांत मोडतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. गारठ्यात तेल घट्ट होतं, थेंब मंदावतो. एप्रिलात तेच तेल पाण्यासारखं धावतं. एकदा लावलेला स्क्रू वर्षभर तसाच सोडणं ही या यंत्राबाबतची सगळ्यात मोठी चूक, आणि रिम काळं होण्याचं कारणही बहुधा हेच.

ऑइलर तेल घालतो, चेन बघत नाही. ते तुझंच काम. पाचशे किलोमीटरला रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने पूस. पेट्रोल नको, रबर खराब होतं. धुलाई सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप चेनवर मारू देऊ नकोस. ताण स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे ठेव, आणि चाक फिरवून चार ठिकाणी मोज, कारण झिजलेली चेन एकीकडे सैल, एकीकडे ताठ असते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन ओढून बघ. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली, आणि बदलायची तर पूर्ण सेट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेन स्टँडवर गाडी लावून, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून फडकं धरणारी मुलं मी पाहिलीत. फडकं ओढलं जातं, त्याच्यामागे बोटं. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेलेलं बोट परत येत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हाताने फिरवायचं. यात मला तुझा शब्द हवा आहे.

एवढं करूनही ऑइलर नकोसा वाटला तर काढ, पण व्हॅक्यूमची नळी नुसती उपसून टाकू नकोस. इंजिनाकडचं तोंड रबरी टोपी लावून क्लिपने पक्कं बंद कर. उघडं राहिलं तर हवा आत ओढली जाते, आयडलिंग वरखाली होतं, इंजिन तापतं, आणि तू दोष भलतीकडेच शोधत बसशील. आत्ताही ती नळी तडकलेली नाही ना, एवढं शनिवारी इकडे निघायच्या आधी बघून मला फोन कर. तडकली असेल तर तिचा आतला व्यास मोजून सांग, मी इथून आणून ठेवतो.

तुझा,
मामा